लाकडी पिस्तूल आणि लोखंडी कायदा

दरोडेखोर कोणालाच नको असतो. दरोडेखोराची गोष्ट मात्र सर्वांना हवी असते. आपल्या गल्लीत साधा भुरटा चोर शिरला तर आपण रात्रभर डोळ्याला डोळा लावीत नाही. पण तोच चोर चांगला शेरास सव्वाशेर निघाला, दहा-बारा बँका लुटून पोलिसांच्या हातावर तुरी देऊन सटकला, आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्याच्या देशात असला, की त्याची हकिकत वाचताना आपण हळूच त्याच्या बाजूचे होऊन जातो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला तर याचे मुळीच नवल वाटत नाही.

अशाच ओढीने मी एक जाडजूड अमेरिकन कादंबरी हाती घेतली. नाव ‘जी-मॅन’, लेखक स्टीफन हंटर, प्रसिद्धीचे साल २०१७. हे हंटरसाहेब मूळचे चित्रपट-समीक्षक. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात लिहिलेल्या समीक्षेबद्दल २००३ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरीची उभारणी मोठी नामी आहे. बॉब ली स्वॅगर नावाच्या एका वृद्ध नेमबाजाला आपल्या आजोबांची जुनी पेटी सापडते. पेटीत असतो सरकारी खात्याचा एक बिल्ला, तेलकट लेप देऊन जपून ठेवलेले एक पिस्तूल, बंदुकीचा न ओळखता येणारा एक भाग आणि कोड्यात टाकणारा एक नकाशा. सगळा ऐवज १९३४ सालचा. आजोबा चार्ल्स स्वॅगर हे आर्कान्सा राज्यातल्या एका परगण्याचे शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले पोलीसप्रमुख. ते त्या वर्षी शिकागोला जाऊन सरकारच्या गुप्त पोलिसांत काय करीत होते? आणि त्यांच्याविषयी घरात कोणी कधी अवाक्षरही का काढले नाही? नातू शोधाला लागतो आणि वाचक त्याच्यामागे.

चार्ल्स स्वॅगर हा माणूस कल्पनेतला. पण तो ज्यांच्या पाठीवर सुटतो ते ‘बेबी फेस’ नेल्सन, जॉन डिलिंजर, होमर व्हॅन मीटर हे सगळे हाडामांसाचे, अमेरिकेच्या दफ्तरी नोंदलेले दरोडेखोर. पुस्तक मिटल्यावर मला स्वस्थ बसवेना. यातले खरे किती? खोटे किती? म्हणून मी त्या काळावरची इतर पुस्तके मिळवून वाचली. जे हाती लागले ते कादंबरीहून चढ निघाले. तीच हकिकत आज वाचकांपुढे ठेवतो.

बँकाच लुटारू झाल्या तेव्हा

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बाजार पडला तो एकटा पडला नाही. कारखाने, शेते, दुकाने, घरे साऱ्यांना घेऊन पडला. १९३३ पर्यंत त्या श्रीमंत देशात दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार झाला. १९३० ते १९३३ या चार वर्षांत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. बुडाल्या म्हणजे एके दिवशी सकाळी दारावर कुलूप दिसले आणि जन्मभराची पुंजी आत राहिली. ठेवीवर विमा नव्हता. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचे पहिले काम काय, तर देशातल्या सर्व बँकांना सक्तीची सुट्टी देणे!

शेतकऱ्यांची तऱ्हा तर विचारूच नका. धान्याला भाव नाही, हप्ते थकलेले, आणि जमीन जप्त करायला येणार कोण? तीच बँक. अशा वेळी कोणी उंची सूट घातलेला तरुण बँकेत शिरून, काउंटरवरून उडी मारून, गल्ला साफ करून निघून गेला, तर लोकांना संताप कशाचा येणार? ‘चोराच्या घरी चोरी झाली’ एवढेच म्हणून ते हसले असतील. बुडालेला माणूस न्यायनिवाडा करीत बसत नाही. त्याला आपल्यातर्फे कोणीतरी एक थोबाडीत मारलेली हवी असते.

जॉन डिलिंजरला लोकांनी डोक्यावर घेतले ते याच मनःस्थितीत. पण डिलिंजर मंदीतून जन्मला असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. त्याची कहाणी मंदीच्या पाच वर्षे आधी, एका किराणा दुकानदारापासून सुरू होते.

पन्नास डॉलरचा गुन्हा, नऊ वर्षांची शिक्षा

जॉन डिलिंजरचा जन्म २२ जून १९०३ चा, इंडियानापोलिस शहरातला. आई तो लहान असतानाच वारली. बाप किराणा दुकानदार, कडक शिस्तीचा. पुढे त्याने मूर्सव्हिल या गावाजवळ शेती घेतली. पोरगा नौदलात भरती झाला आणि तिथून पळून आला. लग्न केले, हाताला धड काम नाही. सप्टेंबर १९२४ मध्ये त्याने आणि त्याच्याहून वयाने मोठ्या अशा एका साथीदाराने गावातल्याच एका वयस्क किराणा दुकानदाराला रात्री रस्त्यात गाठले आणि डोक्यात मारून लुटण्याचा प्रयत्न केला. दुकानदाराने आरडाओरडा केला, दोघे पळाले, दोघेही पकडले गेले.

इथे गोष्टीला खरा फाटा फुटतो. बापाने मुलाला सांगितले, वकील देऊ नकोस, गुन्हा कबूल कर, न्यायाधीश दया दाखवतील. मुलाने बापाचे ऐकले. न्यायाधीशांनी दहा ते वीस वर्षे ठोठावली! साथीदाराने वकील दिला. त्याला दोन ते चौदा वर्षे झाली आणि तो थोड्याच काळात सुटलाही. खरे बोलणाऱ्याला जास्त आणि वकील देणाऱ्याला कमी, हा हिशेब एकवीस वर्षांच्या पोराने तुरुंगात बसून किती वेळा मांडला असेल!

जवळजवळ नऊ वर्षांनी, मे १९३३ मध्ये, तो सुटला. सुटकेसाठी गावकऱ्यांनी अर्ज केला होता आणि त्या अर्जावर मार खाल्लेल्या त्या दुकानदाराचीही सही होती. सावत्र आई अत्यवस्थ होती म्हणून सुटकेची घाई. पण हा घरी पोहोचण्यापूर्वीच तिने डोळे मिटले होते. बाहेर देशभर मंदी, हाती काम नाही, बायकोने घटस्फोट घेतलेला. गेला तेव्हा तो उनाड पोरगा होता. परत आला तो कसबी होऊन.

तुरुंग नावाची पाठशाळा

‘कसबी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मिशिगन सिटीच्या तुरुंगात त्याला जे गुरू भेटले त्यांत हर्मन लॅम या नामांकित दरोडेखोराचे शागीर्द होते. लॅम हा पूर्वी प्रशियाच्या सैन्यात होता असे सांगतात. बँक लुटणे ही त्याने लष्करी मोहीम करून टाकली. आधी बँकेत गिऱ्हाईक म्हणून जाऊन नकाशा काढायचा. कोण कुठे उभा राहतो, तिजोरी कोण उघडतो, हे टिपून घ्यायचे. प्रत्येकाला एकच काम: एक दारात, एक गल्ल्यावर, एक तिजोरीपाशी, एक मोटारीत. घड्याळ लावायचे; ठरलेली मिनिटे संपली की समोर नोटांचा ढीग असला तरी निघायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पळायचा रस्ता. कुठल्या वळणावर किती वेग, कुठल्या कच्च्या वाटेने शिरून कुठे निघायचे, हे सारे आधी मोटार हाकून कागदावर उतरवायचे. लॅम स्वतः डिसेंबर १९३० मध्ये अशाच एका दरोड्यानंतरच्या पाठलागात मेला. विद्या मात्र शिष्यांकडे राहिली.

तिच्या जोडीला काळाने दोन वस्तू दिल्या. एक, थॉम्पसनची मशिनगन, जिला सारे ‘टॉमी गन’ म्हणत. आणि दुसरी, १९३२ साली निघालेली फोर्डची आठ सिलिंडरची मोटार. गावच्या पोलिसांजवळ जुनी गाडी आणि साधे रिव्हॉल्व्हर. शिवाय त्यांचा अधिकार राज्याच्या सीमेपर्यंतच. दरोडेखोराने इंडियाना ओलांडून इलिनॉय गाठले की मागचा पोलीस हात चोळीत उभा! बँकेवरचा दरोडा हा तेव्हा राज्याचा गुन्हा होता, केंद्र सरकारचा नव्हे. कधी कधी हे लोक बँकेतलीच माणसे बाहेर आणून मोटारीच्या फूटबोर्डावर उभी करीत. पोलिसांनी गोळी झाडायची तरी कोणावर?

शेरीफ सार्बरचा प्रश्न

तुरुंगातून सुटल्यावर चारच महिन्यांत, २२ सप्टेंबर १९३३ रोजी, डिलिंजर ओहायोत पुन्हा पकडला गेला आणि लिमा गावच्या कैदखान्यात पडला. पण तोपावेतो त्याने गुरूंचे ऋण फेडायची व्यवस्था करून ठेवली होती. मिशिगन सिटीच्या तुरुंगात कैद्यांकडून शर्ट शिवून घेत. तिथे जाणाऱ्या दोऱ्याच्या पेटीतून पिस्तुले आत गेली आणि २६ सप्टेंबरला दहा कैदी बाहेर पडले.

१२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांच्यापैकी तिघे लिमाच्या कैदखान्यात शिरले. शेरीफ जेस सार्बर, त्यांची पत्नी आणि एक मदतनीस तिथे होते. पाहुण्यांनी सांगितले, आम्ही इंडियानाचे अधिकारी आहोत, डिलिंजरला न्यायला आलो आहोत. सार्बरांनी कोणीही सरळ अधिकारी विचारील तेच विचारले: तुमची ओळखपत्रे दाखवा. उत्तरादाखल पिस्तूल निघाले. गोळी लागून खाली पडलेल्या माणसाला त्यांनी वर मारही दिला. पत्नीच्या देखत. किल्ल्या घेतल्या, डिलिंजरला सोडवले आणि गेले. सार्बर त्याच रात्री वारले.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक काही वेळ बाजूला ठेवले. तोवर सगळे कसे चटकदार चालले होते!

यानंतर टोळीने आणखी धाडस केले. इंडियानातल्या ऑबर्न आणि पेरू या गावांच्या पोलीस ठाण्यांवरच धाडी घालून त्यांनी मशिनगन आणि गोळी न लागणारी जाकिटे पळवली. १५ जानेवारी १९३४ रोजी ईस्ट शिकागोच्या बँकेवर दरोडा पडला. त्यात विल्यम ओमॅली नावाचा पोलीस मारला गेला. तो खून डिलिंजरच्या नावावर चढला. खटला मात्र कधी उभाच राहिला नाही.

त्यानंतरचा प्रसंग आम्हा मासिके-साप्ताहिके वाचणाऱ्यांना अभिमान वाटावा असा आहे. टोळी विश्रांतीसाठी दूर ॲरिझोनातल्या टूसॉन गावी गेली. हॉटेलला आग लागली. बंबवाल्यांना यांनी भरघोस बक्षीस देऊन आपले जडशीळ सामान बाहेर काढायला लावले. सामानात होती शस्त्रे! पुढे एक बंबवाला गुन्हेकथांचे मासिक चाळीत बसला असता त्यात त्याला त्याच पाहुण्यांचे फोटो दिसले. २५ जानेवारीला टूसॉनच्या पोलिसांनी एकही गोळी न झाडता एकेकाला उचलले. सहा महिने तीन-चार राज्यांच्या पोलिसांना जे जमले नाही ते एका मासिकाच्या अंकाने केले. रहस्यकथा वाचणारे वाया जातात असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

लाकडाचा तुकडा

डिलिंजरला इंडियानात क्राउन पॉइंटच्या तुरुंगात आणले. येथून कोणी पळूच शकणार नाही अशी त्या तुरुंगाची ख्याती. शेरीफ एक बाई होत्या, लिलियन हॉली. पत्रकारांची झुंबड उडाली. फोटो निघाले. एका फोटोत खुद्द सरकारी वकील आरोपीच्या शेजारी उभे आणि आरोपीचा कोपर त्यांच्या खांद्यावर, जणू दोघे लग्नाच्या पंगतीला आलेले! तो फोटो वकीलसाहेबांना पुढे फार महागात पडला.

३ मार्च १९३४ रोजी डिलिंजर हातात पिस्तूल घेऊन कोठडीबाहेर आला. एकेका पहारेकऱ्याला त्याने कोठडीत घातले, दोन मशिनगन उचलल्या आणि शेरीफबाईंचीच फोर्ड गाडी घेऊन निघून गेला. ते पिस्तूल लाकडाचे होते, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. ते तुरुंगात कोरले की वकिलाने पैसे चारून आत पोहोचवले, याचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. एप्रिलमध्ये सारे पोलीस त्याच्या मागावर असताना हा पठ्ठ्या बापाच्या शेतावर गेला, घरच्यांबरोबर जेवला आणि एका हातात मशिनगन व दुसऱ्या हातात ते लाकडी पिस्तूल घेऊन त्याने फोटोही काढून घेतला.

पण या साऱ्या विजयात एक चूक दडली होती. चोरलेली ती मोटार त्याने इंडियानाची सीमा ओलांडून शिकागोला नेली. चोरीची मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा १९१९ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा गुन्हा. बँका लुटल्या, तुरुंग फोडले, तरी जे केंद्राच्या कक्षेत येत नव्हते ते एका मोटारीने आणले. डिलिंजर एडगर हूव्हरच्या तावडीत सापडला.

नेम न येणारे वकील

हूव्हर १९२४ पासून त्या खात्याचे प्रमुख होते आणि १९७२ मध्ये मरेपर्यंत राहिले. खात्याला आज एफबीआय म्हणतात. ते नाव १९३५ साली मिळाले. हूव्हरना आपले अधिकारी हवेत ते पदवीधर, कायदा शिकलेले किंवा हिशेब तपासणारे, नीटनेटक्या पोशाखातले. जून १९३४ पर्यंत त्यांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटक करण्याचा सरसकट अधिकारही नव्हता. शिकागो शाखेचा प्रमुख मेल्विन पर्विस हा असाच दक्षिण कॅरोलायनाचा तरुण वकील; डिलिंजरच्याच वयाचा.

२२ एप्रिल १९३४ ला खबर आली, की टोळी विस्कॉन्सिनच्या रानात, तळ्याकाठच्या ‘लिटल बोहिमिया’ नावाच्या विश्रामगृहात उतरली आहे. पर्विस माणसे घेऊन विमानाने धावला. पुढे भाड्याच्या मोटारी, त्याही वाटेत बिघडलेल्या. अंधार आणि कडाक्याची थंडी. विश्रामगृहाशी पोहोचताच कुत्री भुंकू लागली. त्याच वेळी तिघे गिऱ्हाईक जेवून आपल्या गाडीत बसून निघाले. यांना वाटले दरोडेखोरच पळताहेत. गोळ्या सुटल्या. तिघांपैकी एक ठार झाला, दोघे जखमी झाले. मेलेला माणूस सरकारने बेकारांसाठी काढलेल्या मजूर-छावणीतला कामकरी होता. आवाज ऐकून खरे दरोडेखोर मागच्या बाजूने, तळ्याच्या काठाकाठाने पसार झाले. नेल्सनने तर वाटेत कार्टर बाम या अधिकाऱ्याला गोळ्या घालून ठार केले आणि सरकारचीच मोटार पळवली. सकाळी सरकारच्या हाती लागल्या त्या टोळीबरोबरच्या तीन बायका.

देशभर छीःथू झाली. पण या नाचक्कीतून दोन गोष्टी निघाल्या. मे आणि जून १९३४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने भराभर कायदे करून बँकेवरचा दरोडा हा केंद्राचा गुन्हा ठरवला आणि या अधिकाऱ्यांना शस्त्र व अटकेचा अधिकार दिला. दुसरे म्हणजे, हूव्हरनी मुकाट्याने टेक्सास, ओक्लाहोमाकडचे मुरलेले पोलीस नोकरीत घेतले. पदवी नसेना का, पण नेम चुकत नव्हता. हंटरसाहेबांचा चार्ल्स स्वॅगर नेमका या फटीतून कादंबरीत शिरतो. कादंबरीकाराची खरी हुशारी मला इथे दिसली. त्याने इतिहास मोडला नाही. इतिहासाने मोकळी ठेवलेली खुर्ची पाहिली आणि तिच्यावर आपला माणूस बसवला.

रविवारची रात्र

त्या उन्हाळ्यात डिलिंजरने शिकागोत चोरून चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करवून घेतली आणि बोटांचे ठसे तेजाबाने जाळले. ठसे पुरते गेले नाहीत, चेहराही फारसा बदलला नाही. सरकारने त्याच्या डोक्यावर दहा हजार डॉलरचे इनाम लावले.

ॲना सेज नावाची रुमानियाहून आलेली एक बाई होती. कुंटणखाना चालवल्याबद्दल तिला देशाबाहेर घालवण्याचे घाटत होते. तिने एका पोलीस अधिकाऱ्यामार्फत पर्विसला निरोप धाडला: माझे हद्दपारीचे प्रकरण मिटवा, मी डिलिंजर दाखवते. २२ जुलै १९३४, रविवार. शिकागोत अंगाची लाही करणारा उकाडा. डिलिंजर दोन बायकांसह बायोग्राफ थिएटरात सिनेमाला गेला. सिनेमा होता ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’. त्यात क्लार्क गेबल गुन्हेगार झाला आहे आणि शेवटी विजेच्या खुर्चीकडे चालत जातो. सिनेमा सुटला. ओळख पटावी म्हणून ॲनाने नारिंगी रंगाचा घागरा घातला होता. थिएटरच्या दिव्यांत तो लाल दिसला आणि ‘लाल कपड्यातली बाई’ अशी तिची जगभर ख्याती झाली. पर्विसने खूण म्हणून चिरूट पेटवला. डिलिंजरला काहीतरी उमगले. खिशातल्या पिस्तुलाकडे हात नेत तो शेजारच्या बोळाकडे धावला. तीन अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. एकतीस वर्षांचा डिलिंजर तोंडावर पडला तो उठला नाही.

लोकांनी त्याच्या रक्तात हातरुमाल बुडवून आठवण म्हणून नेले. शवागारापुढे हजारोंची रांग लागली. इंडियानापोलिसच्या ज्या दफनभूमीत अमेरिकेचे एक अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांची समाधी आहे तिथेच याचीही आहे. तिच्यावरचा दगड लोकांनी कपचे काढून काढून इतका झिजवला की तो पुनःपुन्हा बदलावा लागला.

ॲना सेजला पाच हजार डॉलर मिळाले. हद्दपारी काही टळली नाही. १९३६ साली तिची रुमानियाला पाठवणी झाली.

गल्ल्यावरचा माणूस

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ बँकेत पस्तीस वर्षे रोखपाल होते. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. ही कादंबरी मी त्यांना वाचायला दिली. आठ दिवसांनी परत करताना म्हणाले, “झकास आहे हो पुस्तक. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलो. पण मला एक सांगा, अशा गोष्टींत दरोडेखोराला नाव असतं, त्याच्या बायकोला असतं, बंदुकीलासुद्धा असतं. मग गल्ल्यावरच्या माणसालाच का नसतं?”

मी म्हटले, “नाना, त्याचं गोष्टीत काम तेवढंच असतं. हात वर करायचे.”

“तेच म्हणतो मी,” नाना म्हणाले. “हात वर करून उभं राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालतं ते कोणी लिहीत नाही. घरी पोरं असतात. आणि रात्री हिशेब जुळवायला परत तोच बसतो.”

नानांच्या बोलण्याने मला या कादंबऱ्यांकडे निराळ्या नजरेने पाहावे लागले. या जातीची पुस्तके काही कमी नाहीत. एडवर्ड अँडरसनची ‘थीव्ह्ज लाइक अस’ १९३७ सालची, म्हणजे मंदी सरली नव्हती तेव्हाची. तिच्यातला तरुण दरोडेखोर आणि त्याची प्रेयसी यांच्यावर दोनदा चित्रपट निघाले. डब्ल्यू. आर. बर्नेटची ‘हाय सिएरा’ १९४० ची. तिच्यातला तुरुंगातून सुटलेला पोक्त दरोडेखोर पुढच्याच वर्षी हम्फ्री बोगार्टने पडद्यावर अजरामर केला. दोन्ही पुस्तकांत लेखकाची माया दरोडेखोरावर आहे, आणि ती खोटी नाही. कायद्याने ज्याला आधी ठेचले त्याच्याविषयी दुःख वाटणे यात गैर ते काय? हंटरचे पुस्तक त्या मानाने दुसऱ्या टोकाचे. तिथे पोलिसाला घर आहे, दुखणे आहे, घरात गिळून टाकलेले एक गुपित आहे. आणि नेल्सनलाही बायको आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे. लेखक त्याला राक्षस करीत नाही. प्रेमळ नवरा आणि निर्दय खुनी एकाच अंगरख्यात राहू शकतात, हे तो न सांगता दाखवतो.

खऱ्या नेल्सनचा शेवट कादंबरीकाराला सुचलाच नसता. २७ नोव्हेंबर १९३४ रोजी शिकागोबाहेर बॅरिंग्टन गावाजवळ त्याची मोटार आणि सरकारी मोटार समोरासमोर आल्या. नेल्सन आडोसा सोडून, गोळ्या झाडीत, सरळ अधिकाऱ्यांकडे चालत गेला. सॅम काउली आणि हर्मन हॉलिस, दोघेही मेले. हॉलिस हा बायोग्राफपाशी गोळ्या झाडणाऱ्या तिघांपैकी एक. नेल्सनला सतरा जखमा झाल्या होत्या. तो त्याच रात्री मेला. वय वर्षे पंचवीस.

हिशेब

बाकीच्यांचे काय झाले? सार्बरांच्या खुनाबद्दल दोघांना मृत्युदंड आणि एकाला जन्मठेप झाली. मृत्युदंडाच्या दोघांनी सप्टेंबर १९३४ मध्ये डिलिंजरचा कित्ता गिरवायचा ठरवले आणि साबणाची पिस्तुले कोरली. पहारेकरी या वेळी फसले नाहीत. त्यांच्या बंदुका खऱ्या होत्या. एक जागीच मेला. दुसऱ्याला, हॅरी पिअरपाँटला, जखमी अवस्थेतून बरा करून ऑक्टोबरमध्ये विजेच्या खुर्चीवर बसवले.

पर्विसच्या वाट्याला काय आले? अफाट प्रसिद्धी आली आणि तीच नडली. आपल्या खात्यात आपल्याहून मोठे नाव कोणाचे असावे हे हूव्हरना खपणारे नव्हते. १९३५ मध्ये पर्विसने राजीनामा दिला. पुढे त्याच्या नावाने लहान मुलांसाठी न्याहारीच्या पोह्यांच्या खोक्यावर ‘ज्युनिअर जी-मॅन’चे बिल्ले वाटले जाऊ लागले! २९ फेब्रुवारी १९६० रोजी आपल्या घरी पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला.

आणि बँकांचे? दरोडेखोरांना टॉमी गनने संपवले असे सिनेमा सांगतो. ते अर्धेच खरे आहे. लोकांच्या मनातला दरोडेखोर संपवला तो एका रुक्ष कायद्याने. १ जानेवारी १९३४ पासून अमेरिकेत ठेवींवर विमा सुरू झाला, प्रथम अडीच हजार डॉलरपर्यंत. आदल्या वर्षी सुमारे चार हजार बँका बंद पडल्या होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्या बँकांपैकी बुडाल्या त्या अवघ्या नऊ. ज्याची पुंजी सुरक्षित, त्याला बँक लुटणाऱ्याचे कौतुक कशाला वाटेल? नाना या मुद्द्यावर मान डोलावतात. आपल्याकडे १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, तेव्हाच्या ठेवीदारांच्या हकिकती त्यांनी थोरांच्या तोंडून ऐकल्या होत्या. त्यानंतर १९६२ मध्ये आपल्या देशातही ठेवींचा विमा आला. या कायद्यावर कोणी कादंबरी लिहिणार नाही, सिनेमा तर मुळीच काढणार नाही. त्यात ना मोटारींचा पाठलाग, ना लाल कपड्यातली बाई.

पण सप्टेंबर १९३३ ते जुलै १९३४ या काळात या एका टोळीने दहा माणसे मारली, असे सरकारी दफ्तर सांगते. वाचकहो, ‘जी-मॅन’ जरूर वाचा. सुट्टीत वाचायला याहून चांगले पुस्तक मिळणे कठीण. बायोग्राफच्या बोळात शिराल तेव्हा तुमचेही काळीज धडधडेल. फक्त त्याच्या आधीची ती लिमाची संध्याकाळ ध्यानात असू द्या. दारात तीन अनोळखी माणसे उभी, आणि एक शेरीफ शांतपणे विचारतो आहे, तुमची ओळखपत्रे दाखवा. कायदा म्हणतात तो मुळात एवढाच असतो, आणि तो प्रश्न विचारायला त्या संध्याकाळी एक माणूस जागेवर होता.